परसबागेत बिटाची लागवड

महाराष्ट्रातील कोणत्याही खेड्यात घराच्या मागील दाराने बाहेर पडले की परसात काय दृष्टीस पडेल, हे बहुतेकांना न पाहताच सांगता येईल. न्हाणीच्या पाण्यावर पोसलेले अळू, दोन-चार केळी, कुडावर चढविलेला दोडका किंवा घेवडा, एखादा शेवगा, कढीलिंब, मिरचीची आठ-दहा रोपे आणि थंडीच्या दिवसांत मेथी-कोथिंबिरीचे लहानसे वाफे. या यादीत बीट क्वचितच असते. ते आठवड्याच्या बाजारातून विकत आणावयाचे, अशीच सर्वसाधारण समजूत आहे. काही शाळांच्या बागांतून त्याची पेरणी होते. पण पुष्कळ ठिकाणी ती एकदाच होते, आणि दुसऱ्या वर्षी तिचे कोणी नाव काढीत नाही.

असे का व्हावे? हे थंड देशातले पीक आहे, आपल्याकडे ते साधावयाचे नाही, असे एक कारण नेहमी सांगितले जाते. ते अर्धवट खरे आहे. महाराष्ट्राचा हिवाळा बिटाला चांगला मानवतो. प्रश्न फक्त पेरणीची वेळ साधण्याचा आहे. खरे कारण बहुधा निराळेच असते. पाकिटातील बी मेथी किंवा मुळ्याच्या बियाप्रमाणे सरसकट टाकले जाते, त्यातील निम्मे उगवत नाही, जे उगवते ते झुपक्याने उगवते, त्याची विरळणी कोणी करीत नाही, आणि फेब्रुवारीत उपटून पाहावे तो पानांचा जुडगा हाती येतो व खाली बोटाएवढे मूळ. दोष हवामानाचा नसतो, जमिनीचाही नसतो. या बियाची जात समजून न घेतल्याचा तो परिणाम असतो. म्हणून लागवडीच्या तपशिलाकडे वळण्यापूर्वी या वनस्पतीचे कुळ आणि तिचे बी यांची थोडी ओळख करून घेणे इष्ट ठरेल.

बिटाचे शास्त्रीय नाव बीटा व्हल्गॅरिस. भूमध्य समुद्राच्या आणि पश्चिम युरोपच्या किनाऱ्यावर आजही वाढणारे रानटी समुद्रबीट हा त्याचा पूर्वज होय. खाऱ्या वाऱ्यात आणि रेताड भूमीत वाढलेल्या या पूर्वजाचे काही गुण त्याने टिकवून धरले आहेत. वाढीला लागल्यानंतर किंचित खारवट जमीन त्याला सोसते. आम्ल जमीन मात्र सोसत नाही. माणसाने या वनस्पतीची प्रथम पानेच खाल्ली. मुळाकडे लक्ष गेले ते नंतर. आपल्याकडे ज्याला आपण पालक म्हणतो, ‘पुसा ज्योती’सारखे वाण ज्या पालकाचे आहेत, तो देशी पालक याच बीटा व्हल्गॅरिस जातीतला आहे, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. म्हणजे बीट आणि देशी पालक ही सख्खी भावंडेच. एकाची पाने आपण आवडीने खातो आणि दुसऱ्याची बाजारातच मोडून फेकून देतो. या फेकून देण्याविषयी पुढे आणखी सांगावयाचे आहे.

उसाच्या महाराष्ट्राला या कुळाचा आणखी एक सदस्य ऐकून माहीत आहे, तो म्हणजे शर्कराकंद. १७४७ मध्ये बर्लिन येथे आंद्रेआस मार्गग्राफ या रसायनशास्त्रज्ञाने बिटातून साखर वेगळी काढून दाखविली. त्याचा शिष्य आखार्ड याने १८०१ मध्ये सायलेशियात बिटापासून साखर करण्याचा पहिला कारखाना उभारला, आणि १८११ मध्ये नेपोलियनने फ्रान्समध्ये हे पीक घेण्याचा हुकूम काढला. जगातील सुमारे एक-पंचमांश साखर आज बिटापासून निघते. तो शर्कराकंद पांढरा असतो. परसबागेत लावावयाचे ते तांबडे बीट त्याचेच भाजीतले रूप.

आता बियाविषयी. पाकीट फोडल्यावर तळहातावर जे खडबडीत, तपकिरी, मिऱ्याएवढे दाणे पडतात ते वस्तुतः बी नव्हेच. ती एकमेकांना चिकटलेल्या वाळक्या फळांची गाठ असते, आणि अशा प्रत्येक गाठीत दोन ते चार-पाच खरी बिये दडलेली असतात. म्हणूनच एक दाणा पेरला तरी तेथे तीन-चार रोपे वर येतात. एका गाठीत एकच बी असलेले शर्कराकंदाचे झाड व्ही. एफ. सावित्स्की या संशोधकाला १९४८ मध्ये अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात सापडले. तेव्हापासून एकबीजी वाण तयार होऊ लागले. परंतु आपल्याकडे भाजीच्या बिटाची जी पाकिटे मिळतात त्यांतील वाण सामान्यतः बहुबीजीच असतात. त्यामुळे विरळणी टाळता येत नाही. ती करणे जिवावर येत असेल, तर बीट पेरूच नये हे बरे.

या गाठीची दुसरी खोड अशी की, तिच्या बुचासारख्या कवचात उगवण रोखून धरणारी काही द्रव्ये असतात. निसर्गाची त्यात एक योजना आहे. चांगला पाऊस होऊन ती द्रव्ये धुऊन गेल्याखेरीज बी उगवू नये, म्हणजे शिंतोड्यांवर फसून कोवळे रोप करपणार नाही. परसबागेत ही धुण्याची कामगिरी माणसाने करावयाची. पेरणीच्या आदल्या रात्री बी साध्या पाण्यात भिजत घालावे, एकदा पाणी बदलावे, सकाळी चाळणीत धरून चांगले खळखळून धुवावे, सावलीत फडक्यावर जरा कोरडे होऊ द्यावे आणि त्याच दिवशी पेरावे. एवढ्या साध्या उपचाराने उगवण लवकर व एकसारखी होते. मात्र पाकिटातील बी गुलाबी, निळे किंवा हिरवे दिसत असेल, तर त्याला बुरशीनाशक चोळलेले आहे असे समजावे. असे बी भिजवू-धुवू नये, कारण औषध वाहून जाते. ते मुलांच्या हाती देऊ नये आणि पेरणीनंतर हात साबणाने स्वच्छ धुवावेत. शाळांतून याकडे विशेष लक्ष पुरविले पाहिजे.

बी घरी धरता येईल का, असा प्रश्न काटकसरी गृहिणी व हौशी विद्यार्थी नेहमी विचारतात. बीट हे द्विवर्षायू झाड आहे. पहिल्या वर्षी ते मुळात अन्न साठविते आणि काही आठवडे कडक थंडी सोसल्यानंतरच दुसऱ्या वर्षी फुलोऱ्यावर येते. तेवढी थंडी आपल्याकडे पडत नाही. म्हणून बिटाचे बी हिमाचल प्रदेशातील कुलूसारख्या थंड खोऱ्यांतून तयार होऊन येते. महाराष्ट्रात वाफ्यात राखून ठेवलेले बीट पाने फुटत राहते, जून होते आणि उन्हाळ्यात सुकून जाते. बियाणे दर दोन-चार वर्षांनी विकत घ्यावे लागेल, हे आधीच लक्षात घ्यावे. आपल्याकडे ‘डेट्रॉइट डार्क रेड’ आणि ‘क्रिमसन ग्लोब’ हे दोन जुने, सरळ वाण चांगले स्थिरावले आहेत. पहिल्याचा कंद गोल, गुळगुळीत आणि आतून गडद तांबडा. दुसऱ्याचा मध्यम व किंचित चपटा. परसबागेला दोन्ही योग्य आहेत.

पेरणीचा काळ हे या पिकाचे मर्म आहे. पंधरा ते पंचवीस अंश सेल्सिअस तापमानात बीट उत्तम वाढते. पारा तिसाच्या वर राहू लागला की रंग फिका पडतो, गोडी कमी होते आणि कापलेल्या चकतीत पांढरी वलये उठून दिसतात. पुणे, सातारा, नाशिक या पठारी भागात घटस्थापनेच्या सुमारास पहिली पेरणी करण्यास हरकत नाही. मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशात ऑक्टोबरचा उन्हाळा जाचक असतो; तेथे तो महिना निम्मा सरू द्यावा. कोकणात पावसाळा लांबतो आणि जमीन उशिरा वाफशावर येते, म्हणून दिवाळीनंतरच सुरुवात करावी. पावसाळ्यात पेरलेले बीट कुजते आणि संक्रांतीनंतर पेरलेले उन्हात सापडते. हे दोन्ही खटाटोप टाळलेले चांगले. सप्टेंबर महिना देशभर पोषण माह म्हणून पाळला जातो. अंगणवाडीत किंवा शाळेत त्या निमित्ताने परसबागेचा आरंभ होणार असेल, तर त्या महिन्यात जमीन तयार करावी, पेरणीची घाई करू नये. समारंभाच्या तारखेस बी टाकावयाचेच असेल तर ते मुळ्याचे टाकावे.

जागा उन्हाची हवी. दिवसातून पाच-सहा तास ऊन न मिळाल्यास पाने माजतात आणि कंद धरत नाही; आंब्याच्या किंवा जांभळाच्या छायेत बीट करण्यात अर्थ नाही. एका कुटुंबासाठी तीन मीटर लांब व सव्वा मीटर रुंद असा एक वाफा पुरेसा होतो. दोन्ही बाजूंनी बसून मध्यापर्यंत हात पोहोचावा म्हणून रुंदी याहून अधिक ठेवू नये. टिकाव-कुदळीने वीतभराहून थोडे अधिक खोल खणावे, ढेकळे फोडावीत आणि खडे-गोटे निवडून काढावेत. मुळाच्या वाटेत खडा आला की त्याला फाटा फुटतो. भारी काळ्या जमिनीत कंद वेडावाकडा होतो आणि भेगाळलेल्या मातीत तंतुमुळे तुटतात. तेथे नदीची वाळू व भरपूर कुजलेले खत मिसळून गादी वाफा करावा. कोकणातील जांभ्याच्या आम्ल मातीत चुलीतील राख किंवा थोडा चुना मिसळल्याने मोठा फरक पडतो. पोयट्याच्या जमिनीला फारसे काही करावे लागत नाही.

शेणखत सात-आठ किलो घालावे, पण ते पूर्ण कुजलेले असावे. ताजे शेण घातलेल्या वाफ्यात एका बिटाला तीन-तीन शेपट्या फुटतात. युरियाचा मोह आवरावा. नत्र अधिक झाले की वाफा हिरवागार दिसतो, पाहुणे प्रशंसा करतात, आणि मातीखाली काही नसते. द्यावयाचाच असेल तर संपूर्ण वाफ्याला मिळून पन्नास ग्रॅमच्या आत, तोही दोन हप्त्यांत विभागून द्यावा.

आदल्या दिवशी वाफा भिजवावा आणि वाफसा आल्यावर काकरीने एक फूट अंतरावर चार ओळी आखाव्यात. दर दहा सेंटिमीटरवर दोन-दोन दाणे दीड ते दोन सेंटिमीटर खोल टाकावेत. दहा ग्रॅमच्या पाकिटात पाचशेच्या वर दाणे असतात आणि एवढ्या वाफ्याला पाच ग्रॅम पुरतात. परंतु सगळा वाफा एका दिवशी पेरू नये. त्याचे तीन भाग करावेत आणि वीस-वीस दिवसांच्या अंतराने पेरावेत. एकदम पेरले तर सव्वाशे बिटे एकाच पंधरवड्यात तयार होतात आणि घरची माणसे बिटाचे नाव काढले की ताटावरून उठू लागतात. हप्त्याने पेरल्यास डिसेंबरपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत दर आठवड्याला किलोभर ताजे बीट सहज निघते.

दाणे मातीने झाकताना एक काळजी घ्यावी. काळ्या व चिकण मातीवर पाणी पडले की वर पापुद्रा धरतो आणि कोवळा कोंब तो फोडू शकत नाही. म्हणून ओळींवर चाळलेले खत किंवा वाळू पसरावी, त्यावर ओले गोणपाट किंवा पेंढा टाकावा आणि झारीने हलके पाणी द्यावे. पाचव्या दिवसापासून रोज गोणपाट उचलून पाहावे. पहिले कोंब दिसताच ते काढून टाकावे. त्याला एक दिवसाचा उशीर झाला तरी रोपे पिवळी व लांबुळकी होतात. उगवण साधारण आठवड्यात आणि थंडी अधिक असल्यास दहा-बारा दिवसांत पुरी होते. कोवळ्या तांबूस कोंबांवर चिमण्या हमखास येतात. जुन्या मच्छरदाणीचा तुकडा किंवा बाभळीच्या चार फांद्या आडव्या टाकल्या तरी बचाव होतो.

यानंतरचा पंधरवडा निर्णायक असतो. रोपांना दोन खरी पाने आली की पहिली विरळणी करावी. प्रत्येक झुपक्यातील सर्वांत जोमदार रोप राखावे आणि बाकीची कात्रीने किंवा नखाने जमिनीलगत खुडावीत. ती उपटू नयेत, कारण उपटल्याने राखलेल्या रोपाचे मूळ हलते. चार-पाच पानांवर दुसरी विरळणी करून दोन रोपांत दहा सेंटिमीटर अंतर राखावे. कष्टाने उगवलेली रोपे खुडावयास माणसाचा, विशेषतः मुलांचा, हात धजत नाही. त्यांना सांगावे की ही रोपे वाया जात नाहीत. खुडलेली कोवळी रोपे धुऊन मुगाच्या डाळीत घातली की एका वेळची भाजी होते. शिवाय मुळा-गाजराप्रमाणे बीट पुनर्लागवडीला रुसत नाही. ओळीत जेथे खांडे पडली असतील तेथे सायंकाळी मातीसकट उचललेली रोपे लावावीत, दोन दिवस सावली करावी, ती जगतात.

पुढची निगा साधी आहे. तण वाढू देऊ नये; खुरपी मात्र हलक्या हाताने आणि वरवर चालवावी, कारण मुळाला झालेली जखम कंदावर व्रण ठेवते. कंद मातीवर डोके काढू लागला की त्याला मातीची भर द्यावी. पाणी थोडे पण नियमित द्यावे, चार-पाच दिवसांच्या अंतराने, हलक्या जमिनीत त्याहून लवकर. आठ-दहा दिवस वाफा कोरडा ठेवून मग तुडुंब भरला तर कंद तडकतो किंवा आत दोऱ्या धरतो. येथे सांडपाण्याचा विषय निघतो. न्हाणीचे व भांडी धुतल्याचे पाणी केळी-अळवाला सोडण्याची आपली चाल उत्तमच आहे. परंतु कोशिंबिरीसाठी कच्चा खावयाचा कंद ज्या वाफ्यात वाढतो, त्यात ते सोडू नये. बिटाला विहिरीचे किंवा नळाचे स्वच्छ पाणीच द्यावे.

बिटाला फारशी दुखणी नाहीत. मावा व पाने खाणारी अळी दिसल्यास पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा, आणि दमट हवेत पानांवर तांबड्या कडांचे गोल ठिपके पडले तर ती पाने खुडून दूर पुरावीत. एक व्याधी मात्र वरून दिसत नाही. कंद कापल्यावर आत बुचासारखे काळे डाग निघतात, कोवळी पाने वेडीवाकडी होतात. पुष्कळांना हा रोग वाटतो. वास्तविक ती जमिनीतील बोरॉनची उणीव असते, आणि बीट तिला इतर भाज्यांपेक्षा अधिक हळवे आहे. संपूर्ण वाफ्याला तीन-चार ग्रॅम टाकणखार झारीभर पाण्यात विरघळवून पेरणीपूर्वी दिल्यास पुढील हंगामात डाग दिसत नाहीत. प्रमाण सांभाळावे. चमच्याच्या जागी मूठ पडली तर त्याच वाफ्यात पुढे लावलेला घेवडा जळून जाईल. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात माती तपासून घेण्याची सोय असल्यास ती करून घेणे केव्हाही श्रेयस्कर.

शिक्षकांना या पिकात वर्गासाठी पुष्कळ सामग्री सापडेल. आडवा कापलेला कंद भिंगाखाली पाहिला की एकाबाहेर एक अशी वलये दिसतात. ही झाडाच्या खोडातील वर्षवलये नव्हेत. एकाच हंगामात एकामागून एक निर्माण झालेले वाहिन्यांचे व साठवणीच्या पेशींचे ते थर आहेत. बिटाच्या रसात लिंबू पिळले तर तो तांबडाच राहतो, आणि चुन्याची निवळी घातली तर पिवळा पडतो. जास्वंदीच्या पाकळ्यांचा रस त्याच निवळीत हिरवट होतो. दोन्ही रंग तांबडे, पण त्यांची रसायने निराळी, हे पाठ्यपुस्तकातील वाक्यापेक्षा दोन वाट्यांत अधिक चांगले समजते. शेवटच्या हप्त्यातील जून बिटे रंगपंचमीच्या आसपास निघतात. तेव्हा त्यांचा काय उपयोग करावा हे मुलांना सांगावे लागत नाही.

पेरणीपासून दोन ते तीन महिन्यांत, वाणानुसार आणि थंडीनुसार, कंद काढणीस येतो. पाच ते सात सेंटिमीटर व्यास झाला की तो काढावा. अधिक मोठा होऊ दिल्यास वजन वाढते. पण गाभा काष्ठमय होतो. काढताना पाने देठाच्या दोन-तीन सेंटिमीटर वर पिळून तोडावीत आणि खालची शेपटी तशीच ठेवावी. देठ मुळाशी कापला किंवा शेपटी छाटली की उकडताना सारा रंग पाण्यात उतरतो. बीट सालीसकट उकडून मग सोलावे. शीतकपाट नसल्यास ओलसर वाळूच्या थरात, सावलीच्या कोपऱ्यात ते पंधरा दिवस टणक राहते.

यानंतरचा मुद्दा लागवडीचा नाही, परंतु पंचायत सदस्य, आशा कार्यकर्त्या, अंगणवाडीसेविका व शिक्षक या सर्वांच्या कामाशी त्याचा निकटचा संबंध आहे. बीट तांबडे, रक्त तांबडे, म्हणून बिटाने रक्त वाढते, ही समजूत गावोगावी पसरलेली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत देशातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला, आणि महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. प्रश्न इतका गंभीर असताना अर्धवट समजूत धोक्याची ठरते. शंभर ग्रॅम बिटाच्या कंदात लोह एक मिलिग्रॅमही नसते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशींप्रमाणे प्रौढ स्त्रीला दिवसाकाठी २९ मिलिग्रॅम लोह लागते. निव्वळ बिटातून ते मिळवावयाचे म्हटले तर रोज तीन किलोंहून अधिक बीट खावे लागेल. बिटाचा तांबडा रंग हा बीटानिन या द्रव्याचा असतो. त्याचा रक्ताच्या रंगाशी काही संबंध नाही. बीट खाल्ल्यावर काहींची लघवी तांबूस होते तीही त्यामुळेच, आणि तिने घाबरून जाण्याचे कारण नसते.

याचा अर्थ बीट निरुपयोगी आहे असा नव्हे. त्यात फोलेट हे जीवनसत्त्व चांगले, शंभर ग्रॅममागे सुमारे शंभर मायक्रोग्रॅम, असते, आणि फोलेटच्या अभावानेही एक प्रकारचा रक्तक्षय होतो. परंतु लोह कोठे आहे? ते फेकून दिल्या जाणाऱ्या पानांत आहे. कंदाच्या कित्येक पट लोह, भरपूर चुना आणि अ जीवनसत्त्वाला कारणीभूत होणारे कॅरोटिन या पानांत असते. बाजारात येईपर्यंत ती कोमेजलेली असतात, म्हणून गिऱ्हाईक ती मोडून टाकावयास सांगते. परसातल्या बिटाची पाने मात्र सकाळी खुडून दुपारच्या जेवणात वाढता येतात. बिटाची लागवड घरी करण्याचे सर्वांत सबळ कारण हेच होय. वाढीच्या काळात प्रत्येक झाडाची बाहेरची एक-दोन पाने खुडल्याने कंदाचे नुकसान होत नाही. त्याहून अधिक खुडू नयेत.

पानांतले सर्वच लोह अंगी लागत नाही, हेही सांगितले पाहिजे. पालकाप्रमाणे त्यांतही ऑक्झॅलेट असते व ते लोह आणि चुना अडवून धरते. भाजीवर लिंबू पिळल्याने लोहाचे शोषण सुधारते. जेवणावर लगेच घेतलेल्या चहाने ते घटते. ज्यांना मूतखड्याची तक्रार आहे त्यांनी ही पाने वैद्यकीय सल्ल्याशिवाय खाऊ नयेत. गर्भवती स्त्रीला शासनाच्या रक्तक्षयमुक्त भारत कार्यक्रमात साठ मिलिग्रॅम लोह व पाचशे मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असलेली एक गोळी दररोज, किमान १८० दिवस घ्यावयास दिली जाते. त्या गोळीने मळमळ होते, तोंडाला चव राहत नाही, आणि मग घरातील वडील मंडळी म्हणतात, “गोळ्या कशाला, बीट खा.” या एका वाक्याने होणारी हानी फार मोठी आहे. गोळी चालू ठेवून बीट खावे. गोळीऐवजी बीट खाऊ नये. हा खुलासा ग्रामसभेत, माता-पालक मेळाव्यात आणि वर्गात स्पष्ट शब्दांत झाला पाहिजे. घरच्या सासूबाईंच्या कानी तो पडला तर अधिकच उत्तम.

ताटात बीट कसे यावे याविषयी फार सांगण्याची गरज नाही. दाण्याचे कूट व दही घालून केलेली कोशिंबीर, किसून थालीपिठात मिसळलेले, मुंबईच्या रस्त्यावरील सँडविचमध्ये उकडलेल्या बटाट्याच्या शेजारी बसलेली त्याची चकती, ही रूपे सर्वांच्या परिचयाची आहेत. पानांची भाजी मात्र अनेक घरांत नवीन असेल. लसणीच्या फोडणीवर, थोडे डाळीचे पीठ पेरून ती परतली तर पालकाहून गोड लागते. देठ बारीक चिरून आधी टाकावेत, ते शिजावयास वेळ लागतो. शालेय पोषण बागांसंबंधी केंद्र शासनाने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. अशा बागेत निघालेले बीट थोडे आणि मुले पुष्कळ, असे बहुधा होते. तेथे कंद वाटून देण्यापेक्षा पाने आमटीत व खिचडीत घालावीत, म्हणजे प्रत्येकाच्या ताटात काही तरी पोहोचते.

ग्रामपंचायतींना यात करता येण्यासारखे एक छोटे काम आहे. गावात दहा घरे बीट लावणार असतील तर दहा पाकिटे आणण्याचे कारण नाही. पाच पाकिटांत काम भागते. स्वयंसहाय्यता गटाने ती एकत्र आणावीत आणि घेताना पाकिटावरील चाचणीची तारीख पाहावी. मार्चअखेर वाफा रिकामा झाला की पाडव्यानंतर तेथे गवार किंवा चवळी टाकावी; पालक लगेच टाकू नये, दोन्ही एकाच जातीची असल्याने एकाचे ठिपके दुसऱ्यावर उतरतात. उरलेले बी ओल न लागेल अशा घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधाऱ्या व थंड जागी ठेवावे आणि बरणीवर साल लिहून चिठ्ठी चिकटवावी. बिटाचे बी नीट राखल्यास चार वर्षे उगवते.